शेजाऱ्याच्या शब्दापासून सातबाऱ्यापर्यंत : जामिनाचा मागोवा

‘जामीन मंजूर’ एवढीच बातमी वाचून आपण पुढे जातो. माणूस सुटला, घरी गेला, असं धरून चालतो. प्रत्यक्षात त्या आदेशाच्या शेवटी एक अट असते: अमुक हजारांचा जातमुचलका, म्हणजे आरोपीची स्वतःची लेखी हमी, आणि तेवढ्याच रकमेचा एक सक्षम, स्थानिक जामीनदार. कित्येक माणसं या अटीपाशीच अडकून पडतात. जामीनदाराच्या नावावर जमीन किंवा घर हवं, नाहीतर त्याला पक्की नोकरी हवी. सातबारा, घरपट्टीची पावती, पगाराचा दाखला, रेशन कार्ड, आधार कार्ड आणि कित्येकदा तहसीलदारांकडून आणलेला ऐपतीचा दाखला, असा कागदांचा गठ्ठा घेऊन तो कोर्टात उभा राहतो. मग त्या कागदांची पडताळणी होते. त्यात त्याचीही मजुरी बुडते. बीडहून कोल्हापूरकडे ऊसतोडीला गेलेल्या किंवा बिहारमधून भिवंडीच्या यंत्रमागावर आलेल्या माणसाला अटक झाली, तर त्या जिल्ह्यात त्याच्यासाठी सातबारा घेऊन कोण येणार? कोर्टाच्या आवारात पैसे घेऊन जामीन राहणारे आणि बनावट कागद रंगवणारे लोक आढळतात, ते याच अडचणीवर जगतात.

३१ डिसेंबर २०२२ रोजी देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती. त्यांपैकी ४,३४,३०२ जणांवर गुन्हा शाबीत झालेला नव्हता. कायद्याच्या भाषेत ते न्यायाधीन बंदी, बोलीभाषेत कच्चे कैदी. म्हणजे दर चार कैद्यांमागे तिघे अजून निकालाची वाट पाहत होते. त्याच सुमारास राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने सर्वोच्च न्यायालयाला सांगितलं की जामीन मिळूनही सुटू न शकलेले सुमारे पाच हजार कच्चे कैदी आत आहेत. खटल्याच्या तारखेला माणूस हजर राहावा, एवढ्यासाठी जामिनाची सोय निघाली. ती गरिबाला आत ठेवणारा अडसर कशी बनली, हे समजायचं तर बरंच मागे जावं लागतं.

माणसाच्या बदल्यात माणूस

जामीन हे मुळात पैशाचं नाव नाही, ते एका माणसाचं नाव आहे. पेशवाईतल्या निवाड्यांच्या कागदांत वादी-प्रतिवादींकडून हाजीर जामीन घेतल्याचे उल्लेख येतात. बोलावणं आलं की हा माणूस हजर होईल, अशी हमी कोणीतरी दुसरा देई. निवाडा लागेल तसं वागण्याची हमी देणारा वर्तणुकीचा जामीनही असे. जामीन राहणारा गावातला, भाऊबंदांतला, ओळखीतला असे. तो ज्याच्यासाठी उभा राहिला, त्याचं येणं-जाणं, घरदार, सोयरीक त्याला ठाऊक असे. त्याचा शब्द याच माहितीमुळे वजनदार ठरे.

ही व्यवस्था फार न्यायी होती, असं मानायचं कारण नाही. गावात ज्याला पत नव्हती, ज्याची जात खालची ठरवलेली होती, किंवा जो परका होता, त्याच्यासाठी शब्द टाकणारं कोणी सहज मिळत नसणार. तरीही तिच्या गाभ्याशी असलेला प्रश्न नेमका होता: हा माणूस पळून जाईल का, आणि जाणार नाही हे छातीठोकपणे कोण सांगू शकतं?

इंग्लंडमध्येही सुरुवात अशीच झाली. जामीनदार आरोपीला आपल्या ताब्यात घेई आणि तो पळाला तर त्याचा भुर्दंड स्वतः सोसत असे. पुढे कोणाला सोडायचं आणि कोणाला नाही, हे त्या त्या परगण्याचा शेरीफ आपल्या मर्जीने ठरवू लागला. पैसे खाऊन धोकादायक माणसांना सोडणं आणि साध्या गुन्ह्यातल्यांना अडकवून ठेवणं असा दुहेरी जाच सुरू झाला. त्याला आवर घालायला पहिल्या एडवर्डच्या काळात, १२७५ मध्ये, वेस्टमिन्स्टरचा कायदा आला. कोणते गुन्हे जामीनपात्र आणि कोणते अजामीनपात्र, याची यादी त्यात पहिल्यांदा घातली गेली. आज आपल्या पोलीस ठाण्यात ‘बेलेबल’ आणि ‘नॉन-बेलेबल’ असे जे दोन कप्पे आहेत, त्यांचं मूळ या साडेसातशे वर्षांपूर्वीच्या यादीत आहे.

यादीने एक वाट बंद केली, तर सत्तेने दुसऱ्या शोधल्या. १६७६ मध्ये लंडनच्या फ्रान्सिस जेंक्स या कापडव्यापाऱ्याने नवी संसद बोलवा, असं जाहीर भाषण केलं आणि तो गजाआड गेला. जामिनासाठी त्याला या न्यायाधीशाकडून त्या न्यायाधीशाकडे फिरवत ठेवलं गेलं. अशा टोलवाटोलवीला लगाम म्हणून १६७९ चा हेबियस कॉर्पसचा कायदा झाला. मग न्यायाधीश जामीन देत, पण रक्कम अशी सांगत की ती भरणं आरोपीला कधी जमूच नये. त्यावर १६८९ च्या हक्कांच्या कायद्यात अवाच्या सवा जामीन मागू नये, असं लिहावं लागलं. कायद्याने एक पळवाट बुजवायची आणि कारभाराने दुसरी उघडायची, ही रीत तिथपासून थेट आपल्यापर्यंत पोहोचली आहे.

टिळकांचे दोन अर्ज

कंपनीचा अंमल संपल्यावर १८६१ मध्ये हिंदुस्थानाला फौजदारी प्रक्रिया संहिता मिळाली. तिची सुधारित आवृत्ती १८९८ मध्ये आली आणि पुढे पाऊणशे वर्षं टिकली. माणसाची ओळख आणि गावातलं स्थान यांच्या जागी आता छापील मुचलका आणि रुपयांतला आकडा आला. अजामीनपात्र गुन्ह्यांत न्यायाधीशाच्या विवेकावर फार काही अवलंबून राहू लागलं. तो विवेक कसा दोन्ही बाजूंना झुकतो, याचं दर्शन मुंबई उच्च न्यायालयात लोकमान्य टिळकांच्या बाबतीत अकरा वर्षांच्या अंतराने दोनदा घडलं.

२७ जुलै १८९७ रोजी ‘केसरी’तल्या लेखनावरून टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. सुरुवातीला जामीन नाकारला गेला. मग बॅरिस्टर दिनशा दावर यांनी न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजींपुढे अर्ज चालवला. तय्यबजींनी पाहिलं ते एवढंच की हा माणूस खटल्याला हजर राहील की नाही. राहील, असं पटल्यावर त्यांनी जामीन दिला. टिळक बाहेर आले, बचावाची तयारी केली, खटल्याला उभे राहिले आणि सप्टेंबरात दीड वर्षाची शिक्षा झाली ती भोगायला गेले. जामिनाने न्यायाच्या वाटेत कसलीही आडकाठी आणली नाही.

२४ जून १९०८ रोजी त्यांना पुन्हा अटक झाली, कलम तेच. या वेळी जामिनाचा अर्ज मांडायला बॅरिस्टर महंमद अली जिना उभे होते आणि न्यायासनावर होते न्यायमूर्ती दावर, म्हणजे अकरा वर्षांपूर्वी टिळकांसाठी जामीन मागणारेच वकील. जिनांनी तेव्हाचेच मुद्दे पुढे ठेवले. दावरांनी अर्ज फेटाळला आणि कारणांची चर्चा करणं टाळलं. टिळकांनी डोंगरीच्या तुरुंगातूनच आपला बचाव तयार केला आणि २२ जुलैला सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा ऐकली.

आरोपी तोच, आरोप तोच आणि पळून जाण्याची शक्यता तेव्हाइतकीच नगण्य. फरक पडला तो राजकीय हवेत. जामिनाचा निर्णय कारणं न देता घेता येतो, तोवर तो हवेच्या रोखाने फिरत राहणार, हा धडा त्या दोन अर्जांतून मिळतो.

मीरतची चार वर्षं

टिळकांचा १९०८ चा खटला निदान महिनाभरात उरकला. खटलाच लांबवून तुरुंगवास वाढवायचा, हा प्रकार मीरतमध्ये दिसला. मार्च १९२९ मध्ये सरकारने देशभरातून कामगार पुढाऱ्यांना उचललं. त्यांत मुंबईच्या गिरणगावातली बरीच नावं होती: श्रीपाद अमृत डांगे, एस. व्ही. घाटे, के. एन. जोगळेकर, आर. एस. निंबकर, एस. एस. मिरजकर, गंगाधर अधिकारी, अर्जुन आळवे. मुंबईत खटला चालवला तर ज्युरी आली असती, म्हणून तो मुद्दाम मीरतला नेला. गिरणीत काम करणाऱ्या आळव्यांसारख्या माणसाला घरापासून, वकिलांपासून आणि साक्षीदारांपासून शेकडो मैल दूर राहून सम्राटाविरुद्धच्या कटाच्या आरोपाला उत्तर द्यायचं होतं. कागदपत्रांचे ढीग वाचले जात राहिले. पुण्याचे वयोवृद्ध कार्यकर्ते धुंडिराज ठेंगडी खटला चालू असतानाच वारले. सत्र न्यायालयाचा निकाल लागला जानेवारी १९३३ मध्ये. ऑगस्टमध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने बहुतेकांच्या शिक्षा मोठ्या प्रमाणात कमी केल्या. अनेकांनी निकालाआधी जितकी वर्षं काढली, तितकी निकालानंतर काढावी लागली नाहीत.

तरीही याच खटल्यातून एक टिकाऊ तत्त्व निघालं. मीरतचे आरोपी जोगळेकर आणि इंग्रज पत्रकार लेस्टर हचिन्सन यांच्या अर्जांच्या निमित्ताने अलाहाबाद उच्च न्यायालयाने १९३१ मध्ये म्हटलं की जामीन देणं हा नियम आहे आणि नाकारणं हा अपवाद. मोकळा असलेला आरोपी आपला बचाव कोठडीतल्या आरोपीपेक्षा कितीतरी चांगला करू शकतो, हेही न्यायालयाने नोंदवलं. जामीन नाकारणं ही शिक्षेची आगाऊ उचल नव्हे, ही भूमिका कलकत्ता उच्च न्यायालयाने त्याआधीच, १९२४ मध्ये, घेतली होती. ‘जामीन हा नियम, तुरुंग हा अपवाद’ हे वाक्य आज सर्वोच्च न्यायालयाच्या नावाने सांगितलं जातं. त्याचा उगम मात्र परक्या सरकारच्या एका न्यायालयात, गिरणगावातल्या पुढाऱ्यांच्या अर्जावर झाला, हे मराठी वाचकाने लक्षात ठेवावं.

बाबासाहेबांनी घातलेली भर

स्वतंत्र भारताची घटना लिहिताना खटल्याआधीच माणसाला डांबून ठेवण्याचा धोका समोर होताच. जीविताचं आणि व्यक्तिस्वातंत्र्याचं रक्षण करणारं कलम घटना समितीने ‘कायद्याने ठरवलेल्या प्रक्रियेनुसार’ एवढ्यावर थांबवलं. याचा अर्थ, संसदेने कितीही कठोर प्रक्रिया ठरवली तरी ती चालणार होती. अनेक सभासद अस्वस्थ होते. सप्टेंबर १९४९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ही उणीव काही अंशी भरून काढणारी तरतूद मांडली. तीच पुढे कलम २२ झाली. अटक झालेल्याला अटकेचं कारण सांगायचं, त्याला आपल्या पसंतीचा वकील घेऊ द्यायचा आणि २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायचं, या गोष्टी साध्या कायद्यातून उचलून घटनेत गेल्या. पुढचं कोणतंही सरकार बहुमताच्या जोरावर त्या पुसू शकू नये, हा हेतू होता. त्याच कलमात प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेलाही जागा राहिली, ही त्याची दुखरी बाजू.

घटनेने २४ तासांचं दार उघडलं, पण त्यापुढे किती काळ? १८९८ च्या संहितेत तपासासाठी पंधरा दिवसांची कोठडी होती. तेवढ्यात तपास संपत नसे, तेव्हा पोलीस अर्धंमुर्धं आरोपपत्र दाखल करून आरोपीला महिनोन्‌महिने ठेवत. १९७३ च्या नव्या संहितेने यावर तोड काढली: साठ दिवसांत तपास पुरा झाला नाही, तर आरोपीला जामीन मागण्याचा हक्क. १९७८ मध्ये गंभीर गुन्ह्यांसाठी ही मुदत नव्वद दिवस झाली. वकील याला ‘डिफॉल्ट बेल’ म्हणतात. सरकारी दिरंगाईची किंमत सरकारने मोजावी, हे सांगणारी ही तरतूद या सगळ्या मागोव्यातल्या सर्वांत चोख तरतुदींपैकी एक आहे.

गवंड्याचा भाऊ आणि बिहारचे तुरुंग

आणीबाणीत देशाने बिनखटल्याची कैद जवळून पाहिली होती. त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत सर्वोच्च न्यायालयाने जामिनाकडे नव्याने पाहिलं. मोतीराम या मध्य प्रदेशातल्या गवंड्याचं प्रकरण त्यांतलं सर्वांत बोलकं. सर्वोच्च न्यायालयाने त्याला सोडायचा आदेश दिला, तपशील मॅजिस्ट्रेटवर सोपवला. मॅजिस्ट्रेटने दहा हजारांचा जामीनदार मागितला. १९७८ चे दहा हजार, आणि तेही गवंडीकाम करणाऱ्याकडून. त्याचा भाऊ जामीन राहायला तयार झाला, तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून त्याला परत पाठवलं. मोतीराम पुन्हा दिल्लीच्या दारात. न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी एक हजाराच्या जातमुचलक्यावर त्याला सोडायला सांगितलं आणि मॅजिस्ट्रेटला खडसावलं: भारतीय माणूस भारतातल्या कोणत्याही जिल्ह्यात परका नसतो. सख्ख्या भावाची हमी जमीन कुठल्या जिल्ह्यात आहे यावरून नाकारणं, म्हणजे जामिनाची जुनी माणूसओळख पुरती पुसून टाकणं होतं.

पुढच्याच वर्षी हुस्नआरा खातून प्रकरण आलं. त्याच्या मुळाशी मूळचे नागपूरजवळच्या कामठीचे के. एफ. रुस्तमजी होते. सीमा सुरक्षा दल उभं करणारे हे पोलीस अधिकारी राष्ट्रीय पोलीस आयोगाचे सभासद म्हणून बिहारच्या तुरुंगांत गेले. तिथे जे दिसलं ते त्यांनी लिहिलं आणि जानेवारी १९७९ मध्ये ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये ते छापून आलं. ते वाचून वकील कपिला हिंगोराणी यांनी याचिका केली. किरकोळ आरोपांखाली पाच, सात, दहा वर्षं खटल्याविना पडलेली माणसं कोर्टापुढे आली. काहींनी तर शाबीत झाल्यावर जितकी कमाल शिक्षा झाली असती, तिच्याहून जास्त काळ आत काढला होता. गुन्ह्याला बळी पडलेल्या किंवा साक्षीदार असलेल्या बायकाही ‘संरक्षणासाठी’ म्हणून तुरुंगात ठेवलेल्या होत्या.

न्यायमूर्ती पी. एन. भगवतींनी अशांना जातमुचलक्यावर सोडायला सांगितलं आणि जलद खटला हा जीविताच्या हक्काचाच भाग ठरवला. जामीन देताना काय पाहावं, याची यादीही त्यांनी दिली: माणूस त्या ठिकाणी किती वर्षं राहतो, काय काम करतो, कुटुंब कुठे आहे, पूर्वी बोलावल्यावर हजर झाला होता का, त्याच्याबद्दल खात्री देणारं जबाबदार असं कोणी आहे का. हाजीर जामिनाच्या काळात गावाला तोंडपाठ असलेले हे प्रश्न पैशाच्या आकड्याने शतकभराहून अधिक काळ बाजूला सारले होते. भगवतींनी ते पुन्हा पटावर आणले, आणि आता त्यांत जातीची किंवा वतनाची अट नव्हती.

उलटा ओघ

इथपासून पुढे कायदा दोन विरुद्ध दिशांना गेला. एका बाजूला सुधारणा होत राहिल्या. १९७३ च्या संहितेत २००५ मध्ये झालेल्या दुरुस्तीने कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत काढलेल्या कच्च्या कैद्याला सुटकेचा हक्क दिला. जामीनपात्र गुन्ह्यात आठवडाभरात जामीनदार न मिळाल्यास त्या माणसाला निर्धन समजून जातमुचलक्यावर सोडावं, असंही ठरलं. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत यांत्रिकपणे अटक करू नये, असं बजावलं. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेच्या जागी लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या आरोपीसाठी निम्म्याऐवजी एकतृतीयांश काळाची मर्यादा आली. मात्र ज्याच्यावर एकाहून अधिक गुन्हे किंवा प्रकरणं चालू आहेत, त्याला त्याच कलमाने वगळलं. एकाच घटनेतून दोन-तीन गुन्हे नोंदवणं आपल्याकडे अवघड नसतं, त्यामुळे ही वगळणूक फार महागात पडणारी आहे.

दुसऱ्या बाजूला खास कायदे आले. १९८० च्या दशकात दहशतवादाविरुद्धचा टाडा, १९९९ मध्ये संघटित गुन्हेगारीविरुद्धचा महाराष्ट्राचा मोक्का, मनी लाँडरिंगचा कायदा, २००८ मध्ये मुंबईवरच्या हल्ल्यानंतर कडक केलेला बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायदा, म्हणजे यूएपीए. मोक्कात न्यायाधीशाला आरोपी निर्दोष असावा असं मानायला आधार सापडला, तरच जामीन देता येतो. यूएपीएत आरोप नुसते सकृद्दर्शनी खरे वाटले की दार बंद होतं. आरोपपत्राची मुदत १८० दिवसांपर्यंत वाढू शकते. निर्दोषत्व गृहीत धरण्याचं तत्त्व इथे उलटं उभं राहतं. साक्षीपुरावा तपासला जाण्याआधीच आरोपीने आपली बाजू जिंकून दाखवायची. दहशतवाद आणि संघटित गुन्हेगारी खऱ्या आहेत आणि साक्षीदारांना धोकाही खरा असतो. पण त्यासाठी आरोपागणिक ठोस कारण दाखवून जामीन नाकारण्याचा अधिकार न्यायाधीशाला साध्या कायद्यातही होताच.

या उलट्या ओघाची किंमत महाराष्ट्राने जवळून पाहिली. एल्गार परिषद प्रकरणात यूएपीएखाली ऑक्टोबर २०२० मध्ये अटक झालेले फादर स्टॅन स्वामी ८३ वर्षांचे होते. पार्किन्सनमुळे हात थरथरत, पेला धरता येत नसे, म्हणून पाणी पिण्यासाठी सिपर आणि स्ट्रॉ मिळावी यासाठी त्यांना न्यायालयात अर्ज करावा लागला. ५ जुलै २०२१ रोजी, जामिनाचा अर्ज मुंबई उच्च न्यायालयात असतानाच, ते मुंबईच्या रुग्णालयात वारले. तेव्हा खटला उभाही राहिला नव्हता. ते दोषी होते की निर्दोष, हे सांगण्याची संधी न्यायसंस्थेनेच गमावली.

त्याच वर्षी फेब्रुवारीत नजीब प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की खटला वाजवी काळात संपण्याची आशा नसेल, तर यूएपीएच्या कडक अटीही जलद खटल्याच्या हक्कापुढे सैल होतात. न्यायालयं हे कधी पाळतात, कधी नाही. टिळकांच्या दोन अर्जांमधली दरी अजून बुजलेली नाही.

आता काय हवं

३१ जानेवारी २०२३ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने रोगावर नेमकं बोट ठेवलं. जामीन देणाऱ्या न्यायालयाने आदेशाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी तुरुंगाला ई-मेलने पाठवावी. सात दिवसांत सुटका झाली नाही, तर तुरुंग अधीक्षकाने विधी सेवा प्राधिकरणाला कळवावं. महिनाभरात जामीनदार मिळाला नाही, तर अटी सैल करायच्या का, याचा न्यायालयाने स्वतःहून विचार करावा. स्थानिक जामीनदाराची अट माणसाला अडकवून ठेवते, हेही त्या आदेशात आहे. हे काटेकोर पाळलं गेलं, तर जामीन मिळूनही आत असणाऱ्यांचे दिवस बरेच कमी होतील. पाळलं जातंय का, हे विचारायचं काम वकील संघांचं, पत्रकारांचं आणि विधिमंडळात बसणाऱ्यांचं आहे.

१ जानेवारी १९७५ ला देशातल्या कैद्यांत कच्च्या कैद्यांचं प्रमाण सुमारे ५७ टक्के होतं, आणि विधी आयोगाने त्यावर स्वतंत्र अहवाल लिहिला होता. २०२२ अखेर ते जवळजवळ ७६ टक्के झालं. चांगले निकाल वाढले आणि कच्चे कैदीही वाढले, कारण निकाल दिल्लीत लागतात आणि जामीन तालुक्याच्या कोर्टात ठरतो. तिथल्या मॅजिस्ट्रेटने दर अर्जाला तय्यबजींचा प्रश्न विचारावा: हा तारखेला येईल का? येणार असेल, साक्षीदाराला हात लावणार नसेल, तर जातमुचलका पुरे. येणार नाही असं वाटत असेल, तर का वाटतं ते आदेशात लिहावं, म्हणजे वरच्या न्यायालयाला ते तपासता येईल. सातबारा मागण्याआधी आरोपीचं काम काय आणि घर कुठे, एवढं तरी विचारावं. या बदलासाठी नवा कायदा लागत नाही. आज हातात असलेला कायदा शेवटच्या कच्च्या कैद्यापर्यंत पोहोचवायला हवा, आणि तो पोहोचत नाही तोवर त्याच्या आतल्या प्रत्येक दिवसाचा जाब विचारत राहणं हे आपलं, बाहेर असलेल्यांचं, काम आहे.